चौथ्या प्रतीची अरुंधती

अजून थोडं वर, असं अण्णा म्हणाले म्हणून संपतरावांनी आणि मी बाजेची उशाकडची बाजू आणखी हातभर उचलली, आणि अण्णा हळूहळू पायताकडे घसरू लागले. घसरत असतानाही त्यांची नजर आभाळावरून हलली नाही. हात जोडलेलेच होते. संपतरावांच्या मंडळी भागाबाई यांनी त्यांचे पाय धरले (यात भक्ती किती आणि अडवणं किती, हे सांगता येणार नाही) आणि म्हणाल्या, "महाराज, तुमी आमच्याच अंगावर येऊन राहिले. चांदणी तिकडं वर हाय."

तर चि. अद्वैत यास मामाचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद पहिल्या ओळीत यायला हवे होते हे मला कळतं. पोरांना पत्रलेखन शिकवण्यातच माझी नोकरी गेली. पण बाज हातात असली की मायना सुचत नाही. तुझी प्रकृती, सौ. पल्लवीची प्रकृती आणि तुझ्या दुर्बिणीची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. दुर्बिणीला पुण्याची दमट हवा सोसत नाही असं तू मागे कळवलं होतंस, तेव्हापासून आम्ही काळजीत आहोत. इकडे गावी, हट्ट्याला, सगळे ठीक. तुझे मोठे मामा, म्हणजे आमचे अण्णा, येत्या दिवाळीच्या सुमारास वारणार आहेत. एवढं सोडलं तर विशेष नाही.

फोन न करता लिहितो आहे, कारण अण्णांना डोळ्यांनी समोरचा माणूस दिसत नसला तरी कानांनी भिंतीपलीकडचं ऐकू येतं. कागद मात्र त्यांना आता वाचता येत नाही. त्यामुळे घरात काही गुप्त ठेवायचं असेल तर ते लिहावं लागतं. आखाड्यावर बसून हे लिहितो आहे (शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात, लहानपणी तू इथे पहिलवान शोधत हिंडला होतास आणि शेवटी शेळीशी झोंबलास). आपलं शेत बटईने करणारे संपतराव बाहेर अण्णांजवळ बसले आहेत. त्यांची बॅटरी मी मागून आणली आहे. सकाळी या कागदांचे फोटो काढून तुला पाठवीन.

रेवतीच्या लग्नाला तू आला नाहीस. अण्णांच्या एकुलत्या एक नातीचं लग्न, पण तू त्या आठवड्यात तारे बघायला लडाखला गेला होतास. चांगलं केलंस. तारे बघायला एवढ्या लांब जावं लागतं हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्याकडे लाइट गेली की ते आपले आपण येतात. पण तू नव्हतास म्हणून काय झालं ते सविस्तर सांगणं भाग आहे, आणि ते सांगायला अण्णांच्या धंद्यातली एक खोच आधी सांगावी लागेल.

अण्णांनी पन्नास वर्षं लग्नं लावली. सप्तपदी झाली की वधूवरांना अरुंधती दाखवायची असते. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून त्याची बायको अरुंधती. संसार असा चिकटून करावा, असा अर्थ. आता आमच्याकडचे मुहूर्त बहुतेक दुपारचे, जेवणाच्या सोयीने काढलेले. त्यामुळे अण्णा भर बाराच्या उन्हात, मांडवाच्या कापडाकडे बोट करून विचारत, दिसली का? नवरी म्हणे, दिसली. नवरा म्हणे, दिसली. कारण विचारण्याआधी अण्णांनी एक वाक्य टाकलेलं असे: ज्याला अरुंधती दिसत नाही त्याला सहा महिने उरले. हे जुन्या ग्रंथांत आहे म्हणतात. अण्णांनी ते ग्रंथातून काढून कामाला लावलं. या वाक्यानंतर नाही म्हणणारं जोडपं त्यांना भेटलं नाही, आणि पंगती कधी खोळंबल्या नाहीत. तुझं लग्नही त्यांनीच लावलं. पुण्यात, वातानुकूलित हॉलमध्ये, वर प्लास्टरची फुलं असलेलं छत होतं. तू तारे बघणारा माणूस. तूसुद्धा झुंबराकडे पाहून दिसली म्हणालास. मी शेजारीच उभा होतो.

रेवतीने हट्ट धरला की तिचं लग्न संध्याकाळचं होईल आणि अरुंधती खरी बघायची. खरी म्हणजे? असं अण्णांनी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. तरी नातीसाठी गोरज मुहूर्त काढला. वसमत रस्त्यावरचं गुलाबसिंग यांचं लॉन घेतलं. सात एकर दिवे आणि मधे थोडं गवत, असं ते लॉन आहे. गुलाबसिंगांना मी आठ दिवस आधी जाऊन सांगितलं की अरुंधतीच्या वेळी पाच मिनिटं सगळे दिवे बंद करायचे. सगळं मन लावून ऐकून ते म्हणाले, "सर, बंद काहून करायचे? चांदणी बारीक असंल तर आपण एक फोकस तिच्यावर मारू. बराबर दिसंल."

आणि मारला. आभाळात गरगर फिरणारे ते झोत असतात (त्यांना शार्पी म्हणतात, हे मला या लग्नात कळलं), त्यातला सर्वांत मोठा त्यांनी उत्तरेकडे सोडला. सप्तर्षी त्यात पार पुसले गेले. त्याच सुमारास फोटोवाल्याचा ड्रोन तिकडे वर चढला. ठळक, हिरवट, डोळे मिचकावणारा. अण्णांनी माइकवर आपलं सहा महिन्यांचं वाक्य म्हटलं, बोट केलं, आणि सगळा मांडव एका आवाजात म्हणाला, दिसली! बायकांनी पदर सावरून हात जोडले. एकदोघांनी डोळे पुसले. मग अरुंधती वळली, जेवणाच्या टेबलांवरून खाली आली आणि विहीणबाईंच्या ताटाशी येऊन थोडा वेळ थांबली. लग्नात असल्या गोष्टी काढायच्या नसतात.

सगळ्यांचं झाल्यावर अण्णांनी स्वतः वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना वर पाहायची वेळ आली नव्हती. दुपारी पाहण्यासारखं तिथे काही नसायचं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मान इकडे केली, तिकडे केली. माइक चालू होता. "मला काही दिसत नाही," ते म्हणाले. डीजेच्या सगळ्या भोंग्यांतून ते वसमत रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही कळलं असेल. गुलाबसिंगांनी ताबडतोब आणखी एक फोकस लावला.

इथपर्यंत गंमत होती. पण अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की आपल्याला सहा महिने उरले आहेत, तेव्हा डोळ्यांच्या ऑपरेशनचं राहू द्यावं. तुला माहीत नसेल, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वसमतच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा तो पिकला आहे म्हणाले. लग्न उरकलं की लगेच या, लांबवलं तर उजवा डोळा हातचा जाईल, असंही म्हणाले. अण्णा तेव्हा कबूल झाले होते. आता विचारलं की म्हणतात, एवढ्याशा दिवसांसाठी डोळे कशाला चिरायचे. म्हणजे दिसत नाही म्हणून मरणार, मरणार म्हणून ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही म्हणून दिसणार नाही. तर्कशास्त्राच्या पुस्तकात छापावं इतकं हे गोल आहे. परवा त्यांनी तांब्या समजून पेटलेली समई धरली. हात भाजला. त्यावर म्हणाले, आता भाजलं काय आणि न भाजलं काय.

वहिनींचं, म्हणजे तुझ्या मोठ्या मामींचं, तुला ठाऊक आहे. गंगूताई म्हणजे बोलण्यात कुणाची उधारी ठेवणार नाहीत. त्या म्हणाल्या, "सारा जन्म तुम्हाला ताटाशेजारचं मीठ दिसलं नाही. तेव्हा कधी मेला नाहीत. आता एक चांदणी दिसली नाही तर काहून अंथरूण धरता?" अण्णा म्हणाले, मिठाबद्दल शास्त्रात काही नाही. मग पंचांग मागवलं. वाचता येत नाही म्हणून मी वाचायचं आणि त्यांनी निर्णय द्यायचा. प्रश्न असा पडला की यंदा अधिक ज्येष्ठ आहे, तो सहा महिन्यांत धरायचा की नाही. बराच विचार करून त्यांनी ठरवलं, धरायचा नाही. म्हणजे एक महिना वाढला. शास्त्र कठोर असलं तरी त्यात सवलत असते. वहिनी म्हणाल्या, बरं झालं, दिवाळीचं अभ्यंग करूनच जा. असं बोलतात आणि नंतर आत जाऊन एकच भांडं किती तरी वेळ घासत बसतात. तो आवाज मी ऐकला आहे, म्हणून हे सगळं तुला लिहितो आहे.

मी आधी सरळ उपाय करून पाहिला. लग्नात कोणालाच अरुंधती दिसली नाही हे सिद्ध केलं की अण्णा एकटे राहत नाहीत, आणि सगळं गाव काही दिवाळीत जायचं नाही. म्हणून मी दोनचार जणांकडे जाऊन नीट विचारलं. प्रत्येकाला दिसली होती. एकाने तर रंग हिरवा सांगितला. विहीणबाई म्हणाल्या, एवढ्या जवळून त्यांनी प्रथमच पाहिली. मी परत आलो.

मग तुला फोन केला. ती माझी चूक. फोन स्पीकरवर ठेवायला तू सांगितलंस आणि तासभर बोललास. त्यातलं मला कळलं ते असं: ताऱ्यांच्या तेजाला आकडे असतात, आणि आकडा जेवढा लहान तेवढा तारा ठळक. शून्याचा एकाहून ठळक, आणि शून्याच्या खाली गेलेला त्याहून ठळक. एका आकड्याच्या फरकाला तेज अडीच पट कमी, पाच आकड्यांना शंभर पट. स्वाती शून्य, चित्रा एक, ध्रुव दोन, वसिष्ठ दोन, अरुंधती चार. शुक्र उणे चार. डोळ्यांची हद्द सहा, आणि लॉनसारख्या ठिकाणी ती दोन-तीनवरच संपते, म्हणून अरुंधती कोणालाच दिसणं शक्य नव्हतं. शेवटचं हे वाक्य तू सुरुवातीला बोलला असतास तर उपयोग झाला असता. तोपर्यंत अण्णा मागच्या दारी जाऊन बसले होते. वहिनी मात्र शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं: "त्या बाईला चार दिला तो कोणी? आणि नवऱ्याला दोन? म्हणजे तिथंही तेच का?"

त्यांची समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं. तू मॅग्निट्यूड म्हणत होतास, त्याने गोंधळ होतो. मराठीत याला प्रत म्हणतात आणि तो शब्द वापरला की निम्मं काम होतं. फार पूर्वी एका ग्रीक माणसाने उघड्या डोळ्यांना दिसणारे तारे सहा प्रतींत वाटले. ठळक ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या. जवळा बाजारच्या अडतीवर सोयाबीनच्या ढिगांची करतात तशीच प्रतवारी. हे चाललं होतं तेव्हा संपतराव दूध घेऊन आले होते. ते म्हणाले, "आमचा माल बी दरसाल चौथ्यातच जातो सर. काडीकचरा निघतो." मी म्हटलं, अरुंधतीत काडीकचरा नाही. पुढच्या शास्त्रज्ञांनी मोजमाप काटेकोर केलं, तेव्हा काही तारे पहिल्या प्रतीहूनही सरस निघाले, म्हणून शून्य प्रत काढली, आणि तीही पुरेना तेव्हा उणे. संपतराव विचारात पडले. म्हणाले, "पहिल्याच्या वर शून्य अन् शून्याच्या वर उणे? त्या व्यापाऱ्याकडं माल न्हाई न्यायचा."

वहिनींना मी पुढचंही सांगितलं, तेही तुझंच. ही प्रत म्हणजे नुसतं आपल्याला दिसणं. जवळचा मिणमिणता दिवा लांबच्या मोठ्या दिव्याहून ठळक दिसतो, तसं. सगळ्या ताऱ्यांना सारख्या अंतरावर, एकाच पंगतीत बसवलं तर आपला सूर्य पाचव्या प्रतीत जातो आणि अरुंधती दुसऱ्या. म्हणजे ती सूर्याहून कितीतरी तेजस्वी. वहिनींनी हातातलं काम खाली ठेवलं. "हे लग्नात काहून सांगत नाहीत?" असं त्यांनी मागच्या दाराकडे पाहून मोठ्याने विचारलं. त्या पंगतीतही वसिष्ठ तिच्या वरच बसतो, हे मी बोललो नाही. घरात आधीच एक प्रकरण चालू आहे.

मग तू ते अ‍ॅप पाठवलंस. फोन आभाळाकडे धरला की ताऱ्यांची नावं दाखवणारं. ते पंख्याकडे धरलं तरी दाखवतं. वहिनींनी धरून पाहिलं. अरुंधती पंख्याच्या वर, माळ्यावरच्या पिंपाच्या जरा डावीकडे होती. अण्णांनी विचारलं, दिसली? मी म्हटलं, फोनला दिसते आहे. "मग फोन जगेल," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मी ते पुन्हा उघडलं, तेव्हाही त्याने बिनतक्रार तारे दाखवले, आणि जमिनीकडे धरलं तर फरशीखालचेही दाखवले. अण्णांच्या परंपरेतलंच अ‍ॅप आहे हे. बनवणाऱ्याला सांग, लग्नं लावायला घे.

शेवटी तुझाच सल्ला मानला: अंधारात न्या. आज अमावास्या. चंद्र नसतो एवढंच कारण, पण अण्णांना शेतात चला म्हटल्यावर ते म्हणाले, अमावास्येला नेतो आहेस, म्हणजे तुलाही खात्री पटली आहे. तरी आले. संपतरावांनी आखाड्यावरचा दिवा मालवला, भागाबाईंनी शेळ्या आत घेतल्या, आणि आम्ही बाज उत्तरेकडे पाय करून टाकली. मान वर करून बघायला अण्णांना चक्कर येते. सपाट झोपलं तर डोक्यावरचं दिसतं, सप्तर्षी जरा खाली. म्हणून बाज उशाकडून उचलायची कल्पना निघाली (माझी). पुढचं तुला पहिल्या ओळीत कळलंच आहे.

घसरणं थांबल्यावर मी रीतसर परीक्षा घेतली. पश्चिमेला शुक्र होता. तो दिसला. त्याच्या वरचा गुरू दिसला, पण बोराएवढा आणि पिंजलेला. डोक्याजवळची स्वाती, तू शून्य प्रतीची म्हणालास ती, आहे असं वाटतं, म्हणाले. चित्रा नाही. ध्रुव नाही. सप्तर्षींतला एकही नाही. म्हणजे आभाळात हजारो तारे असताना अण्णांच्या वाट्याला अडीच आले आहेत. त्यांनी काही तक्रार केली नाही. "पूर्वी खूप होते," एवढंच म्हणाले.

संपतरावांना विचारलं, तुम्हाला वसिष्ठाशेजारी दिसते का? ते म्हणाले, "व्हय, दिसतीय की." भागाबाई म्हणाल्या, "मला तर तीन दिसून राहिल्या." संपतराव म्हणाले, "तुला सगळंच तीन दिसतंय. माझ्या शेळ्याबी तूच मोजतीस." भागाबाई म्हणाल्या, "म्हणून तर त्या कमी व्हईनात." त्यांचं हे चालू असताना अण्णांनी माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, तू बघ. तुला दिसते का?

मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. दिसली, म्हणालो.

अण्णांनी माझा हात दोनदा थोपटला. मग म्हणाले, "बरं झालं. माझ्या मागे तू आहेस. वहिनीकडे लक्ष ठेव. बोलते फार, पण औषध वेळेवर घेत नाही." मी ऑपरेशनचं काढलं. ते म्हणाले, बाज खाली ठेवा, रक्त सगळं पायांत उतरलं.

तर विज्ञानाचा असा विजय झाला. तुझं अंतर, तुझं तेज, तुझी अडीच पट, सगळं बरोबर निघालं. फक्त माणूस ऑपरेशनला तयार नाही आणि रोज थोडा अधिक आंधळा होतो आहे. तुझ्याकडे आणखी काही शास्त्र शिल्लक असेल तर सध्या जवळच ठेव. सौ. पल्लवीला आशीर्वाद. वहिनींनी तिच्यासाठी मेथांबा बाजूला काढून ठेवला आहे. पाठवता येत नाही, येऊन खावा लागेल.

थकलेला, आणि अजून एका हाताने डास मारणारा,
तुझा मामा

ता. क. – मोठी दुर्बीण घेऊन येतो म्हणाला होतास, ती आणू नकोस. मोतीबिंदूतून पाहिलं तर दुर्बिणीत मोतीबिंदूच मोठा दिसेल. शिवाय गुलाबसिंगांना समजलं तर ते तिच्यावर फोकस लावतील.

ता. क. दुसरं – खरं काम राहिलंच. सौ. पल्लवी डोळ्यांची डॉक्टर आहे, म्हणून तिला एवढं विचारावं. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. वय त्रेसष्ट, निवृत्त शिक्षक, चष्मा वापरतात. निरभ्र आभाळात, अमावास्येला, त्यांना वसिष्ठ दिसला आणि त्याच्या शेजारी काहीही दिसलं नाही. चष्मा धोतराने, रुमालाने आणि परत धोतराने पुसला. तरी नाही. चारचौघांत विचारल्यामुळे त्यांनी दिसली म्हणून सांगितलं. हे गृहस्थ अंधश्रद्धाळू नाहीत, त्या विषयावर त्यांची वसमत आणि हिंगोलीत व्याख्यानं झालेली आहेत. केवळ माहिती म्हणून त्यांना हवं आहे की या वयात चौथ्या प्रतीचा तारा न दिसणं साधारण असतं का, आणि यात जिवाला काही नसतं, असं एखादी डॉक्टर ठामपणे सांगू शकेल का. आखाड्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यांनी मघाशी कार्तिक महिना कधी लागतो ते सहज पाहिलं. उत्तर माझ्या नावाने लिहून पाठवावं, फोन करू नये. अण्णांना अजिबात कळवू नये.

ता. क. तिसरं, दुसऱ्या दिवशी दुपारी – उजाडायच्या आत अण्णांनी मला हलवून उठवलं. अंगावर धुतलेलं धोतर होतं. म्हणाले, "ज्याला ती खरंच दिसली असा माणूस मला आजवर भेटला नाही. पण न दिसलेल्यांना मी खूप ऐकलंय. ते फार पटकन दिसली म्हणतात. काल तू पटकन म्हणालास." मी उशाखालचा चष्मा शोधू लागलो. ते म्हणाले, "माझं ठीक आहे. तुझं हे वय नाही. ऊठ, डॉक्टरकडे जाऊ. एकटा तू जायचा नाहीस, लहानपणी कान टोचायला नेलं तेव्हा विहिरीत लपला होतास. तुझ्यासोबत मीही करून घेतो." पहिल्या बसने आम्ही वसमतला गेलो. डॉक्टरांनी अण्णांच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला सोमवार दिला. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू नाही. चष्मा जुना झाला आहे, तो बदला म्हणाले. हे मी अण्णांना सांगितलेलं नाही, सोमवारपर्यंत सांगणार नाही, आणि तूही सांगू नकोस. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं आणि हट्टा येईपर्यंत माझा हात सोडला नाही.